टायटॅनियमच्या वैद्यकीय भागांची रासायनिक सफाई आणि पॉलिश: उद्यमबागेतल्या लहान कारखान्यासाठी

बेळगावच्या उद्यमबागेत दिवसभर काम करून घरी जाणाऱ्या माणसाने सदरा झटकला तर त्यातून ओतीव लोखंडाची धूळ पडते, आणि या लेखातल्या निम्म्या अडचणींचे मूळ त्याच धुळीत आहे. फाउंड्री आणि हायड्रॉलिक सिलिंडर यांवर ही वसाहत वाढली, त्यामुळे यंत्रकामाचा हात इथे जुना आहे आणि हाडाच्या प्लेटा, स्क्रू किंवा दंतरोपणाचे भाग लेथवर आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग यंत्रावर) इथे चांगलेच निघतात. काम अडते ते मशीनवरून उतरल्यानंतर. पोलादाच्या सवयीने टायटॅनियम धुतले, घासले आणि आम्लात बुडवले, तर भाग चमकतो खरा, पण त्याच्या अंगात दोन गोष्टी शिरलेल्या असतात: पृष्ठभागावर रुतलेले लोह आणि धातूच्या आत गेलेला हायड्रोजन. पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीचा क्रम या दोघांना बाहेर ठेवण्यासाठी लावलेला आहे, आणि पायऱ्यांमधले काही वगळायचे झाले तरी हा क्रम उलटा करू नये, असे माझे या कामातल्या अनुभवाने झालेले मत आहे.

सळईपासून सुरुवात

शरीरात बसवायच्या भागांसाठी बहुतेक वेळा सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू येतो. दुकानात सगळेच त्याला 'सिक्स-फोर' म्हणतात, पण ग्रेड ५ आणि ग्रेड २३ यांत फरक आहे. ग्रेड २३ म्हणजे ईएलआय ('एक्स्ट्रा लो इंटरस्टिशियल'), ज्यात ऑक्सिजन, लोह यांसारखे घटक मुद्दाम कमी ठेवलेले असतात. एएसटीएम एफ १३६ या मानकात त्याची ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के, लोहाची ०.२५ टक्के आणि हायड्रोजनची ०.०१२ टक्के आहे. शेवटचा आकडा सफाई करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा, कारण सळई कारखान्यात येते तेव्हा प्रमाणपत्रावर हायड्रोजन याच्या बराच खाली असतो आणि तो वाढला तर तो आपल्याच टाकीत वाढलेला असतो. प्रमाणपत्र आणि हीट नंबर (सळई ज्या वितळणीतून आली तिचा क्रमांक) पाहिल्याशिवाय, आणि भाग आधी भट्टीत गेला होता का हे विचारल्याशिवाय काम स्वीकारू नये.

भट्टीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. हवेत तापवलेल्या किंवा फोर्ज केलेल्या टायटॅनियमच्या वरच्या थरात ऑक्सिजन मुरतो आणि तिथे कडक, ठिसूळ कवच तयार होते, ज्याला अल्फा केस म्हणतात. तो थर डोळ्यांना दिसत नाही. नमुन्याचा छेद घेऊन, पॉलिश करून आणि एच करून (आम्लाने हलके खाऊ देऊन) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कडेला पांढुरकी पट्टी दिसते, आणि सूक्ष्म कठिणता मोजली तर आतल्या धातूपेक्षा ती बरीच जास्त भरते. भाग वारंवार वाकणारा असेल तर तडा इथेच सुरू होतो, म्हणून अल्फा केस किती खोल आहे हे आधी ठरवावे आणि तेवढा धातू पुढे काढायचा आहे हे ग्राहकाच्या ड्रॉइंगवरील मापांशी ताडून पाहावे. माप शेवटच्या मायक्रॉनपर्यंत आधीच आलेले असेल, तर काम परत करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

लोखंडापासून वेगळा संसार

टायटॅनियमसाठी वेगळी खोली, निदान वेगळा दरवाजाबंद कप्पा असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. त्याच बफिंग मशीनवर सकाळी स्टेनलेसचे नळ आणि दुपारी हाडाची प्लेट, असे चालत नाही. पट्टे, बफ, चिमटे, ट्रे, हातमोजे, इतकेच काय झाडूसुद्धा वेगळा असावा. पश्चिमेकडून वारा येतो त्या दिवसांत शेजारच्या फाउंड्रीची धूळ खिडकीतून आत येते, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत गाळलेली हवा थोड्या दाबाने सोडणे परवडते.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे मनगटाच्या प्लेटांची एक बॅच होती. पॉलिश सुरेख झाले, तपासणीतही काही दिसले नाही, पण ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांवर वाफ दिल्यावर पाच प्लेटांवर मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान तपकिरी ठिपके आले. टायटॅनियम गंजत नाही हे शाळेतले पोरगेही सांगेल, मग हा गंज आला कुठून? दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर एक बारीक चकचकीत कण रुतलेला दिसला, आणि सगळे ठिपके प्लेटच्या एकाच बाजूला होते. त्या बाजूने प्लेटा बर (यंत्रकामानंतर कडेला राहिलेली धारदार कंगोरी) काढताना ओतीव लोखंडाच्या सरफेस टेबलावर टेकवलेल्या होत्या. चूक आमचीच होती. टेबलावर त्या दिवसापासून जाड नायलॉनचा पत्रा आहे.

तेल काढणे

आम्लाच्या टाकीआधी भाग पूर्ण तेलमुक्त असला पाहिजे. तेलाचा डाग राहिला तर आम्ल तिथे उशिरा पोचते, आजूबाजूचा धातू खाल्ला जातो आणि डागाचा आकार पृष्ठभागावर कायमचा कोरला जातो. आम्लात टाकले की तेल जळून जाईल, हा समज काढून टाकावा.

प्रथम कूलंट आणि चिप्स कोमट पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढाव्यात, विशेषतः आंधळ्या छिद्रांतून आणि आट्यांच्या मुळातून. त्यानंतर सौम्य अल्कधर्मी क्लीनर, पीएच साधारण ९ ते ११, तापमान ५० ते ६० अंश, आणि ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक टाकीत १० ते १५ मिनिटे. टोपली टायटॅनियमच्या जाळीची करून घ्यावी. प्लास्टिकची टोपली ध्वनिलहरी शोषते आणि साध्या लोखंडी जाळीचा तर विषयच नको. भाग एकमेकांवर पडलेले नसावेत, कारण कंपनाने ते एकमेकांना घासतात आणि टायटॅनियमला टायटॅनियम चिकटून ओरखडे पडतात. ग्राहकाने यंत्रकामात क्लोरीनयुक्त तेल वापरले असेल तर ही पायरी दोनदा करावी.

विद्रावकाने पुसायचे असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोन वापरावे. मिथेनॉल मात्र खोलीतही ठेवू नये. ताणाखाली असलेल्या टायटॅनियमला पाणीविरहित मिथेनॉलमध्ये तडे जातात. १९६६ मध्ये अपोलो यानाच्या टायटॅनियमच्या टाक्यांची चाचणी इंधनाऐवजी मिथेनॉल भरून घेतली गेली, तेव्हा त्या याच कारणाने फुटल्या. आपल्या बाजारात स्वस्तातला 'स्पिरिट'चा डबा नेमका कशाचा आहे हे लेबलवरून कळेलच असे नाही, म्हणून बिलावर रसायनाचे नाव लिहून घ्यावे. घामातल्या मिठाचेही तसेच आहे. बोटांचे ठसे तसेच ठेवून भाग भट्टीत गेला, तर अडीचशे-तीनशे अंशांच्या वर क्लोराइडमुळे तडे जाऊ शकतात. हातमोज्यांशिवाय कोणी भागाला हात लावला की तो भाग पुन्हा पहिल्या टाकीत, हा नियम आमच्याकडे मालकालाही लागू आहे.

धुऊन झाल्यावर पाण्याच्या पापुद्र्याची परीक्षा घ्यावी. भाग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून तिरका धरून बाहेर काढावा आणि अर्धा मिनिट निरखावा. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे पडदा फाटून कड मागे सरकली किंवा थेंब गोळा झाले, तर तिथे तेल आहे. प्लेटच्या छिद्रांच्या कडा आधी पाहाव्यात, कारण बर काढताना बोट तिथेच टेकते. साधी, बिनखर्चाची आणि रोज वगळली जाणारी परीक्षा आहे ही.

यांत्रिक पॉलिश

आम्लाने आरसा होत नाही. रासायनिक पॉलिश बारीक खरबरीतपणा कमी करते, बरची धार घालवते आणि रेशमी चमक आणते, पण पट्ट्याचा खोल ओरखडा जसाच्या तसा, उलट कडा गोल होऊन अधिक ठळक दिसतो. म्हणून ओरखडे आधी यांत्रिक पद्धतीने काढावेत: २४० नंबरचा पट्टा, मग ३२०, ४०० आणि ६००, आणि प्रत्येक नंबरला दिशा नव्वद अंशांनी बदलावी, म्हणजे आधीच्या पट्ट्याच्या रेघा गेल्या की नाही हे दिसते. टायटॅनियमची उष्णतावाहकता पोलादाच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे उष्णता भागात पसरत नाही, ती पट्ट्याखालीच साठते. दाब वाढवला की धातू कापला जाण्याऐवजी सारवला जातो, आणि त्या सारवणाखाली अपघर्षकाचे कण गाडले जातात. वेग कमी, दाब हलका, पाणी भरपूर. ठिणग्या पांढऱ्याशुभ्र पडू लागल्या की काम थांबवून पट्टा बदलावा.

बफिंगला आधी सिसल, मग सुती चाक, आणि पांढरी ॲल्युमिनाची वडी. सोनाराच्या दुकानात मिळणारी लाल वडी म्हणजे लोह ऑक्साइड; ती इथे वर्ज्य. अगदी आरसा हवा असेल तर कोलॉइडल सिलिकात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मऊ कापडावर शेवटचा हात फिरवावा.

पण आरसा कुठे हवा आणि कुठे नको, हे ग्राहकाला आधी विचारावे. बोटांच्या किंवा मनगटाच्या प्लेटवरून स्नायुरज्जू सरकतात, तिथे गुळगुळीतपणा उपयोगी आहे आणि प्लेट पुढे काढायची झाली तर ती सहज सुटते. जिथे हाडाने भागाला धरून वाढायचे आहे तिथे मुद्दाम खरबरीत पृष्ठभाग ठेवतात, आणि तो हौसेने चमकवणे म्हणजे भाग बाद करणे.

पट्ट्याची टायटॅनियमची धूळ कोरडी साठू देऊ नये. ती पेट घेते आणि जळत्या टायटॅनियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मारल्यास आग भडकते. धातूंच्या आगीसाठीची डी वर्गाची कोरडी भुकटी आणि कोरड्या वाळूच्या दोन बादल्या खोलीतच असाव्यात. पावसाळ्यात वाळू ओल धरते, म्हणून झाकणाच्या बादल्या घ्याव्यात.

आम्लाची टाकी

आता मुख्य काम. टायटॅनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो, पण तो इतका चिवट की नायट्रिक आम्ल एकटे त्याचे काही करू शकत नाही. तो थर फोडते हायड्रोफ्लोरिक आम्ल, म्हणजे एचएफ. एचएफ एकटे वापरले तर धातू विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही धातूच्या आत, विशेषतः बीटा प्रावस्थेत (या मिश्रधातूत अल्फा आणि बीटा अशा दोन रचना असतात, त्यांतली एक), शिरतो. नायट्रिक हा हायड्रोजन सुटतानाच ऑक्सिडाइझ करून टाकते. यामुळेच दोन्ही आम्ले एकत्र लागतात आणि नायट्रिकचे प्रमाण एचएफच्या निदान दहापट ठेवावे असा या धंद्यातला सर्वमान्य दंडक आहे.

शंभर लिटरच्या टाकीसाठी माझ्याकडचे प्रमाण असे आहे: पाणी ६६ लिटर, ६८ टक्के नायट्रिक ३० लिटर आणि ४० टक्के एचएफ ४ लिटर. वजनाने मांडले तर हे सुमारे २९ किलो नायट्रिक आणि १.८ किलो एचएफ होते, म्हणजे प्रमाण सोळास एक. दहाच्या वर थोडी पुंजी ठेवलेली बरी, कारण काम चालते तसे दोन्ही खर्ची पडतात आणि एचएफ वाढवताना घाईत नायट्रिक विसरले जाते. भरताना आधी पाणी, मग नायट्रिक, शेवटी एचएफ. टाकी पॉलिप्रोपिलीनची किंवा एचडीपीईची; काच चालत नाही, एचएफ काच खाते, त्यामुळे काचेचा थर्मामीटर आणि मोजपात्रही बाद. भाग टांगण्याचे हूक पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) असावेत.

तापमान २५ ते ३५ अंशांत ठेवावे. ही क्रिया स्वतः उष्णता सोडते. एका वेळी जास्त भाग टाकले की टाकी तापते, तापली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापते. तांबूस धूर जोरात निघू लागला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड आहे आणि टाकीत काहीतरी मर्यादेबाहेर गेले आहे. हा वायू छातीत गेला तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून 'आता बरे वाटते' म्हणणाऱ्या कामगारालाही घरी न धाडता डॉक्टरकडे न्यावे. टाकीच्या कडेवरून ओढून घेणारा एक्झॉस्ट आणि पुढे कॉस्टिकचा स्क्रबर नसेल तर ही टाकी भरूच नये.

किती मिनिटे: पट्टीचा हिशेब

'दोन मिनिटे बुडव' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याची दोन मिनिटे ताज्या टाकीतली आहेत की महिनाभर वापरलेल्या, हे त्यालाही ठाऊक नसते. रोज सकाळी त्याच मिश्रधातूची एक पट्टी बुडवून वेग मोजावा, आणि तो हिशेब असा:

पट्टी ५० बाय २५ बाय २ मिलिमीटरची घेतली तर सगळ्या बाजू धरून तिचे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर होते. ती स्वच्छ करून, वाळवून एक मिलिग्रॅमपर्यंतच्या काट्यावर तोलावी, बरोबर दोन मिनिटे टाकीत धरावी, धुऊन वाळवून पुन्हा तोलावी. समजा वजन ०.१०० ग्रॅमने घटले. या मिश्रधातूची घनता घन सेंटिमीटरला ४.४३ ग्रॅम आहे, ०.१०० भागिले ४.४३ म्हणजे ०.०२२६ घन सेंटिमीटर धातू गेला. त्याला २८ ने भागले की ०.०००८ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावरून ८ मायक्रॉन. दोन मिनिटांत आठ, म्हणजे मिनिटाला चार. त्या दिवशी १५ मायक्रॉन काढायचे असतील तर पावणेचार मिनिटे लागतील.

यात नवखा माणूस हमखास चुकतो ते पुढे. १५ मायक्रॉन प्रत्येक बाजूने गेले म्हणजे दांड्याचा व्यास ३० मायक्रॉनने कमी झाला, आणि ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास (आट्याच्या मध्यउंचीवर मोजलेला) चौपट, म्हणजे ६० मायक्रॉनने बदलला. लॉकिंग प्लेटच्या (जिच्यात स्क्रूचे डोकेही आट्यांनी बसते) छिद्रातले आटे मोठे झाले आणि स्क्रूच्या डोक्यावरचे लहान झाले, तर दोन्ही मिळून फटीचा हिशेब दुप्पट होतो. म्हणून यंत्रकाम करणाऱ्याला आधीच सांगून माप तेवढे जास्त ठेवून घ्यावे. माझ्या पाहण्यात या कामातले सगळ्यात जास्त वाद आम्लावरून झालेले नाहीत, ते या न सांगितलेल्या मायक्रॉनांवरून झालेले आहेत.

पट्टीची वेगमापणी रोज लिहून ठेवली की टाकीचे वय आपोआप कळते. वेग घटला की आधी नायट्रिक तपासावे आणि मगच एचएफ थोडे वाढवावे. भागांवर राखाडी-काळी काजळी बसू लागली तर नायट्रिक कमी पडते आहे. भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला तर अल्फा आणि बीटा प्रावस्था वेगवेगळ्या वेगाने खाल्ल्या गेल्या आहेत, म्हणजे वेळ जास्त झाला. विरघळलेल्या टायटॅनियमचे प्रमाण लिटरला १५ ग्रॅमच्या पुढे गेले की मी टाकी बदलतो. कोणी याहून जास्त ताणतात, पण वाचलेल्या आम्लाच्या किमतीत एक बॅचही परत घेणे परवडत नाही.

भाग टाकीतून काढला की तो काही सेकंदांत पाण्यात गेला पाहिजे. हवेत धरून 'कसा झालाय' बघण्याचा मोह होतो, आणि तेवढ्यात आम्ल ओघळत वाळून पट्टे उमटतात. उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्यांत धुऊन तिसऱ्यांदा डीआय पाण्यात धुवावे. नळाचे पाणी राकसकोपचे असो, हिडकलचे असो की उन्हाळ्यात टँकरने आलेले कूपनलिकेचे, शेवटच्या धुण्याला ते चालत नाही. त्यातले क्षार वाळून पृष्ठभागावर राहतात.

एचएफने भाजल्यास

हा भाग वाचल्याशिवाय वरचा भाग वापरू नये. एचएफ कातडीवर थांबत नाही, ते आत उतरते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून घेते. मोठ्या भाजण्यात हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. पातळ एचएफची फसवणूक अशी की ते लागल्यावर लगेच दुखत नाही. संध्याकाळी कामगार सायकलवरून घरी जातो आणि रात्री नखाखाली ठणका सुरू होतो.

अंगावर पडल्यास ताबडतोब कपडे काढून भरपूर पाण्याखाली धुवावे. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल जवळ असेल तर पाच मिनिटे धुऊन ते हातमोजे घालून चोळत राहावे; जेल नसेल तर वाहनात बसेपर्यंत पाणी थांबवू नये. भाजणे कितीही लहान वाटले तरी रुग्णालयात न्यावे आणि 'ॲसिड पडले' एवढेच न सांगता 'हायड्रोफ्लोरिक' हा शब्द लेखी द्यावा. टाकी भरण्याआधीच जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन त्यांच्याकडे असते का हे विचारून यावे. आम्ही विचारले तेव्हा विचारणारे आम्ही पहिलेच आहोत असे कळले.

जेलच्या ट्यूबची मुदत दर तिमाहीला पाहावी. जाड निओप्रीन किंवा ब्युटिलचे लांब हातमोजे, आत पातळ नायट्रिल, चेहऱ्यावर पूर्ण ढाल, ॲप्रन आणि बूट. विजार बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको. टाक्यांवरच्या पाट्या मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. बैलहोंगलकडून आलेल्या नव्या मदतनिसाला 'फक्त पाणी' ही मराठी पाटी वाचता आली नाही, तर चूक त्याची धरता येणार नाही.

पॅसिव्हेशन आणि विजेचे पॉलिश

टायटॅनियम हवेत आल्याबरोबर स्वतःच ऑक्साइडचा थर धरते, म्हणून पॅसिव्हेशन (आम्लाने संरक्षक थर धरवणे) हा शब्द इथे पोलादाइतका खरा नाही. तरीही नायट्रिकची शेवटची बुडी वगळू नये, कारण ती पृष्ठभागावर राहिलेले लोह विरघळवते. शस्त्रक्रियेच्या रोपणांसाठीच्या एएसटीएम एफ ८६ प्रमाणे २० ते ४५ टक्के नायट्रिकमध्ये खोलीच्या तापमानाला किमान ३० मिनिटे. साधे नायट्रिकच वापरावे. लाल धूर सोडणाऱ्या तीव्र नायट्रिकशी टायटॅनियमचा स्फोट होऊ शकतो.

लोह गेले की नाही हे पाहायला बॅचबरोबर फिरवलेल्या पट्टीवर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिकचे द्रावण लावावे. निळे ठिपके उमटले तर लोह आहे आणि पूर्ण बॅच नायट्रिकमध्ये परत जाते. ही चाचणी ग्राहकाकडे जाणाऱ्या भागावर करू नये.

विजेच्या पॉलिशबद्दल, म्हणजे द्रावणात वीज सोडून पृष्ठभाग विरघळवण्याबद्दल, थोडक्यात सांगतो. जुन्या कृतींत पर्क्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडचे मिश्रण सापडते. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका पॉलिशिंगच्या कारखान्यात याच मिश्रणाचा स्फोट होऊन इमारत जमीनदोस्त झाली आणि अनेक माणसे गेली. लहान कारखान्याने त्या वाटेला जाऊ नये. ग्राहकाला विजेचेच पॉलिश हवे असेल तर ते तयारीच्या माणसाकडून करून घ्यावे, कमीपणा वाटून घेऊ नये.

तपासणी, शेवटचे धुणे आणि पॅकिंग

मापे, खरबरीतपणाचा आरए (सरासरी आकडा) आणि दहापट भिंगाखालची पाहणी ही रोजची. याखेरीज नवी टाकी, नवे प्रमाण किंवा नवा मिश्रधातू आला की बॅचमधली एक पट्टी प्रयोगशाळेत हायड्रोजनसाठी द्यावी, आणि न बुडवलेली त्याच सळईची पट्टी सोबत द्यावी. फरक कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. हायड्रोजन ०.०१२ टक्क्यांच्या वर गेलाच तर उच्च निर्वात भट्टीत सुमारे ७०० अंशांवर तो काढता येतो, पण त्यासाठी ग्राहकाची लेखी परवानगी लागते आणि मापे पुन्हा घ्यावी लागतात.

शेवटचे धुणे स्वच्छ खोलीत, ताज्या डीआय पाण्यात, अल्ट्रासॉनिकने, आणि वाळवणे गाळलेल्या हवेने. कॉम्प्रेसरची हवा वापरल्यास तिच्यातले तेल पुन्हा पृष्ठभागावर बसते आणि सगळे काम पाण्यात जाते. अस्थिरोगाच्या रोपणांच्या स्वच्छतेसाठी आयएसओ १९२२७ हे मानक आहे. ग्राहक गंभीर असेल तर तो त्यातल्या चाचण्या मागतोच. भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नुसार क आणि ड (जास्त जोखमीच्या) वर्गाच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला आहे. परवाना ग्राहकाचा असला तरी त्याने प्रमाणित केलेल्या प्रक्रियेत आपल्या मनाने क्लीनरचा ब्रँडही बदलता येत नाही. बदलायचा तर आधी कळवावे. प्रत्येक बॅचच्या कार्डावर हीट नंबर, टाकीचे तापमान, सकाळचा पट्टीचा वेग, बुडवण्याचे मिनिट-सेकंद आणि करणाऱ्याची सही असावी, आणि बॅचबरोबर फिरलेली पट्टी त्याच कार्डाला पिशवीत घालून टाचावी.

वापरलेले आम्ल

शहापूर-वडगावच्या शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो आणि त्याच्या काठाला बेळगावी बासमती पिकतो. पुरात नाला शेतात शिरतो हे इथल्या कोणाला सांगायला नको. म्हणून टाकीतले संपलेले आम्ल गटारात जाता कामा नये. ते घातक कचऱ्यात मोडते. पॉलिप्रोपिलीनच्या पिंपात झाकून, लेबल लावून अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडेच द्यावे.

धुण्याच्या पाण्याचे काम स्वतः करता येते, पण अर्धवट ज्ञानाने नको. चुन्याच्या निवळीने पीएच वर आणला की फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसते. तरी पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड उरते, कारण तेवढे विरघळतेच, आणि नदीनाल्यात सोडण्याची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. उरलेल्यासाठी तुरटीचा दुसरा टप्पा किंवा सक्रिय ॲल्युमिनाचा फिल्टर लागतो. नायट्रेटला चुना काहीच करत नाही, ते पाण्यातच राहते. म्हणून भाग टाकीवर त्या काही सेकंदांत जेवढे निथळतील तेवढे निथळू द्यावेत, पहिल्या धुण्याचे पाणी वेगळे साठवावे आणि ते पुढच्या टाकीच्या ६६ लिटरांत वापरून टाकावे. खाली बसलेला पांढरा गाळ फिल्टर प्रेसमधून काढून, वाळवून, पिशव्यांत भरून तोलावा, आणि ते वजन मॅनिफेस्टवर (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदावर) चढवूनच गाडी फाटकाबाहेर सोडावी.